बाउंड्री वॉटर्सला जाताय? आधी रॉड मोजा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सुपिरियर नॅशनल फॉरेस्टमध्ये, बाउंड्री वॉटर्सच्या हजाराहून जास्त तळ्यांत कनू (वल्ह्याची अरुंद, हलकी होडी) घेऊन मुक्कामी जायचं असेल, तर नकाशावरचे आकडे नीट वाचा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू खांद्यावर घेऊन चालावं लागतं. त्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिची लांबी ‘रॉड’मध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. १६० रॉड म्हणजे अर्धा मैल, जेमतेम ८०० मीटर. किरकोळ वाटतं ना? पण कनू आणि सामान सहसा एका खेपेत जात नाही. दोन खेपा केल्या की तीच वाट तीनदा तुडवायची, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर! म्हणून दिवसाचा पल्ला ठरवताना सगळ्या रॉडची बेरीज करून तिला तीनने गुणा.

पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्यांतलं खाणं तिथे चालत नाही, तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. रात्री मात्र ती तंबूत ठेवू नका, अस्वलं आहेत. मे ते सप्टेंबर मुक्कामाच्या परवान्यांना कोटा असतो, परवाना आधीच काढून ठेवा.