लॉजिकचं प्रूफ शेवटच्या ओळीपासून लिहायला घ्या

माझी मावसबहीण ऐरोलीला राहते, ठाण्यात इंजिनीअरिंग सेकंड इयरला आहे, डिस्क्रीट मॅथ्सच्या (लॉजिक त्यातच येतं) परीक्षेआधी फोन आला की दादा रूल्स सगळे पाठ आहेत पण प्रूफ सुरूच करता येत नाही. मला वाटतं नव्वद टक्के पोरांचं हेच होतं, मोडस पोनेन्स (‘अ असेल तर ब’ आणि अ आहे, म्हणून ब), मोडस टोलेन्स (‘अ असेल तर ब’ आणि ब नाही, म्हणून अ नाही) घडाघडा येतं आणि गणित समोर आलं की वरून दोन ओळी उचलायच्या आणि काहीतरी निघतंय का बघायचं. निघतं पण, फक्त उपयोगाचं निघत नाही.

तर तिला तिचंच उदाहरण दिलं. पाऊस जोरात पडला (प) तर लोकल बंद (ल). लोकल बंद असेल तर ती बस पकडते (ब) नाहीतर घरी बसते (घ). बस पकडली की उशीर होतो (उ). आज उशीर झाला नाही, आणि घरी पण बसली नाही. सिद्ध काय करायचं, तर पाऊस जोरात पडला नव्हता. खाली → म्हणजे ‘तर’, ∨ म्हणजे ‘किंवा’, ∧ म्हणजे ‘आणि’, ¬ म्हणजे ‘नाही’.

१. प → ल
२. ल → (ब ∨ घ)
३. ब → उ
४. ¬उ
५. ¬घ

आता पेन खाली ठेवा आणि उलटं बघा. हवंय ¬प. प आहे कुठे? फक्त पहिल्या ओळीत, बाणाच्या आधी. बाणाच्या आधीचं खोटं पाडायचं तर मोडस टोलेन्स, म्हणजे बाणानंतरचं खोटं पाहिजे, म्हणजे ¬ल. मग ल कुठून खोटा पाडणार? दुसऱ्या ओळीतून, त्यासाठी ¬(ब ∨ घ) लागेल. हे डी मॉर्गनच्या नियमाने (‘हे किंवा ते’ खोटं म्हणजे हे पण नाही आणि ते पण नाही) ¬ब ∧ ¬घ होतं. ¬घ आयता आहे, ¬ब तीन आणि चार मधून मिळतो. झालं, आता फक्त सुलट लिहायचं:

६. ¬ब (३, ४ मोडस टोलेन्स)
७. ¬ब ∧ ¬घ (६, ५ कंजंक्शन)
८. ¬(ब ∨ घ) (७ डी मॉर्गन)
९. ¬ल (२, ८ मोडस टोलेन्स)
१०. ¬प (१, ९ मोडस टोलेन्स)

पाच ओळीत काम. ट्रुथ टेबलने, म्हणजे अक्षरांच्या खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता मांडून, गेला असतात तर पाच अक्षरं म्हणजे ३२ ओळींचा तक्ता, आणि एक टी (खरं) चा एफ (खोटं) झाला की बोंबला. कंसातली कारणं मात्र गाळू नका, कारण नसलेली ओळ म्हणजे प्रूफच नाही.

एक घोळ सगळे करतात. लोकल बंद आहे म्हणजे पाऊस पडलाच असणार, असं प → ल वरून म्हणता येत नाही बरं का, रविवारचा मेगाब्लॉक पण असू शकतो! बाण उलटा चालत नाही.

दुसरा घोळ जरा लपलेला असतो. सिम्प्लिफिकेशन (अ ∧ ब वरून नुसतं अ), मोडस पोनेन्स वगैरे रूल्स अख्ख्या ओळीला लागतात, ओळीच्या पोटात हात घालून नाही. (अ ∧ ब) → क वरून अ → क काढायचं नाही, हॉल तिकीट आणि आयडी दोन्ही असेल तर आत सोडतात याचा अर्थ नुसतं हॉल तिकीट दाखवून सोडतील असा होत नाही ना. डी मॉर्गन, डबल निगेशन (¬¬अ म्हणजे अ) हे मात्र समान अर्थाची अदलाबदल असल्याने ओळीच्या आत कुठेही चालतात.

सिद्ध करायचं वाक्यच जर-तर चं असेल तर आणखी सोपं. समजा वरची चौथी ओळ नाही आणि प → उ मागितलंय. मग सरळ प गृहीत धरा, पहिलीवरून ल, दुसरीवरून ब ∨ घ, घ नाही म्हणून डिसजंक्टिव्ह सिलॉजिझमने ब, तिसरीवरून उ. आता गृहीतक बंद करून प → उ लिहा. या मधल्या ओळी चौकटीत लिहा, कारण गृहीतक बंद झाल्यावर त्यातली एकही ओळ बाहेर वापरता येत नाही. (ही गृहीत धरायची पद्धत जर्मनीत गेंट्झेन आणि पोलंडमध्ये याश्कोव्स्की यांनी १९३४ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली, गणितवाले प्रत्यक्षात जसा विचार करतात तसं कागदावर यावं म्हणून.)

आणि अॅडिशनची भीती काढा. अ खरं असेल तर अ ∨ काहीही खरं, पोरांना ही चीटिंग वाटते. पण शेवटच्या ओळीत एखादं अक्षर असं दिसलं जे दिलेल्या वाक्यांत कुठेच नाही, तर आधी अॅडिशनच आठवा.

उलटं जाऊनही अडलात तर जे सिद्ध करायचंय त्याचं उलट गृहीत धरा आणि कुठेतरी अ आणि ¬अ दोन्ही मिळतात का बघा, मिळाले की गृहीतक खोटं. बहिणीला हे इतकं आवडलं की ती प्रत्येक गणित असंच सोडवायला लागली, मग दोन ओळींचं प्रूफ आठ ओळींचं व्हायला लागलं, तेव्हा तिला सांगितलं की आधी सरळ बघ, हे शेवटी.