पोलादातली उकळी पाण्यात पाहताना

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी तुरीचं वरण उतू जायला लागलं की आई तेलाचे दोन थेंब टाकते, फेस खाली बसतो. मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला तो याच जातीचा. एलडी कन्व्हर्टर म्हणजे ऑक्सिजन मारून पोलाद करायची भट्टी. तिच्यातल्या कच्च्या लोखंडात ४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. वरून ऑक्सिजन मारला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. किलोभर कार्बनमागे १६०० अंशांना जवळपास १३ घनमीटर वायू. हाच वायू धातू ढवळतो, आणि स्लॅगला, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या मळीला, फेस आणून ती उतू घालवतो.

भट्टीत हे दिसत नाही, म्हणून भट्टीच्या जागी अॅक्रिलिकची पारदर्शक टाकी आणि पोलादाच्या जागी पाणी. पातळ पोलादाची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेच्या मानाने चिकटपणा) साध्या पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे प्रवाहाचा अंदाज बरा येतो. पृष्ठताण मात्र पोलादाचा वीसेक पट जास्त. तेव्हा टाकीतल्या बुडबुड्याच्या आकारावरून भट्टीतला आकार सांगायला जाऊ नका.

नवी मुलं कॉम्प्रेसरची हवा खालून सोडतात. मीही तेच केलं होतं. पण कार्बन मोनॉक्साइड धातूतच जन्मतो, कुणी बाहेरून सोडत नाही. म्हणून मग खायच्या सोड्याच्या द्रावणात वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडलं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड द्रावणातच तयार होतो. चष्मा, हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच.

खरा घोळ पुढे झाला. डिसेंबरातली रीडिंग्ज एप्रिलमध्ये काही केल्या जुळेनात. थंडीत बुडबुडे उशिरा सुटत, उन्हाळ्यात लगेच. तीन आठवडे मी आम्लाच्या बाटलीवर संशय घेत बसलो. कारण होतं पाणी. २० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे १.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ४० अंशांना जेमतेम १ ग्रॅम. पाणी आधी आपला वाटा पिऊन घेतं, उरलेला वायू बुडबुडा होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक लहान नाही. आता मी द्रावण आधी कार्बन डायऑक्साइडने संपृक्त करतो, म्हणजे आणखी वायू मावणार नाही इतकं भरतो, आणि प्रत्येक रीडिंगशेजारी पाण्याचं तापमान लिहितो. ते नसलेलं पान मी फाडून टाकतो.

टाकीच्या तळाला एक बारीक ओरखडा होता. बुडबुड्यांची माळ नेमकी तिथूनच सुटायची. मी तो घासून गुळगुळीत करणार होतो, पण मार्गदर्शक सरांनी थांबवलं. भट्टीतही खडबडीत विटांच्या फटींतून वायू असाच सुटतो. सुट्टीत गावी गेलात तर काचेच्या पेल्यात पाण्यात खायचा सोडा विरघळवून लिंबू पिळा आणि पहिला बुडबुडा कुठून निघतो ते बघा.