'स्टेशनवर' म्हटलं की 'ऑन' ठोकू नका

माझ्या शिकवणीत हमखास येणारं वाक्य: 'आय ॲम ऑन द स्टेशन.' मराठीतला 'वर' दिसला की पोरं 'ऑन' लावून मोकळी! नुसतं ठिकाण सांगायचंय ना? मग 'ॲट द स्टेशन'. पाय टेकलेत ती जागा सांगायची तर 'ऑन द प्लॅटफॉर्म'. भिंतींच्या आत बसला असाल तर 'इन द वेटिंग रूम'. शहरालाही 'इन'च: इन पुणे.

वाहनांचं तंत्र निराळं. ज्यात उभं राहून चालता येतं, त्या बस, ट्रेन, विमानाला 'ऑन'. वाकून शिरायचं त्या कार, टॅक्सी, रिक्षाला 'इन'. स्कूटरला 'ऑन', तिथे आपली मराठी कामी येते.

'इन द स्ट्रीट' की 'ऑन द स्ट्रीट', यावर वाद घालू नका. पहिलं ब्रिटिश वळणाचं, दुसरं अमेरिकन.