मराया बेटावर चालायला जाताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यासमोर मराया नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ११५ चौरस किलोमीटर, १९७२ पासून राष्ट्रीय उद्यान. ट्रायबन्नाच्या धक्क्यावरून बोटीने अर्धा-पाऊण तास. बेटावर दुकान नाही, पर्यटकांच्या गाड्या नाहीत. आहेत ते बिळात राहणारे वॉम्बॅट, कांगारू, त्यांचे छोटे भाऊबंद वॉलबी, केप बॅरन गूज ही राखाडी हंसबदकं आणि रात्री फिरणारे मांसाहारी टास्मानियन डेव्हिल. गाईडसोबत चार दिवस-तीन रात्री चालायची सहल इथे होते. मेलबर्न-सिडनीची मराठी मंडळी नाताळच्या सुट्टीत टास्मानिया गाठतात, कधी भारतातून आलेल्या आईबाबांना आणि जुन्या ट्रेकर मित्रांना बरोबर घेऊन. आणि मग तेच ते घोळ होतात.

बहुतेक घोळांच्या मुळाशी एकच वाक्य असतं: ‘गाईड आहेत ना, बघतील ते.’ गाईड वाट दाखवतात, रात्रीचं जेवण रांधतात, कुठल्या झाडावर कोणता पक्षी आहे ते सांगतात. तुमच्या बुटाचा सोल मात्र ते नवा बसवून देऊ शकत नाहीत.

माळ्यावरचे बूट

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती अनुभवी लोकच करतात. नवख्याला निदान बुटांची धास्ती तरी असते.

ट्रेकिंगच्या बऱ्याच बुटांत खालचं रबर आणि वरचं चामडं यांच्या मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला दमटपणा या थराला आतून फोडत राहतो. बूट वापरा नाहीतर खोक्यात ठेवा, हे चालूच असतं, आणि मुंबई-कोकणाच्या हवेत जरा जास्तच वेगाने. वरून चामडं झकास दिसतं, पॉलिश केलं की नवंच वाटतं, आणि आत त्या थराचा भुगा झालेला असतो.

एका गटातल्या निवृत्त गृहस्थांचे बूट असेच होते. भारी कंपनीचे, दहाएक वर्षं माळ्यावर जपून ठेवलेले. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी शोल बे आणि रीडल बे यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर डाव्या बुटाची टाच उघडली. भुसभुशीत वाळूत प्रत्येक पावलाला सोल खालून ओढला जातो, तेवढं निमित्त पुरलं. गाईडने कापडी चिकटपट्टी गुंडाळली, वाळूने घासून ती तासाभरात फाटली. मग प्लास्टिकचे दोन केबल टाय पंजाभोवती आवळले. तोवर उजवा सोल पूर्णच सुटून हातात आला. मधला थर बोटांत कुस्करत होता, शिळ्या केकसारखा. उरलेली सहल त्यांनी सँडलवर केली, आणि शेवटच्या दिवशी बाकीचे शिखरावर गेले तेव्हा ते खाली डार्लिंग्टनला, बेटावरच्या जुन्या वस्तीत, बसून राहिले. बुटांना दोष देत होते. बूट बिचारे कधीच संपले होते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा. बारीक चिरा दिसल्या किंवा भुकटी सुटली तर बूट बाद. टाच धरून सोल पिळून बघा, कडेला फट पडता कामा नये. पाच-सात वर्षांपेक्षा जुना बूट असेल तर तो एरवी कितीही देखणा असो, निघायच्या महिनाभर आधी पाठीवर सहा-सात किलो घेऊन एक पूर्ण दिवस चढ-उतार चाला. फुटायचा असेल तर तिथे फुटेल. चिकटपट्टी तरीही न्या, दोनेक मीटर, पाण्याच्या बाटलीभोवती गुंडाळून. केबल टाय चार. मोची लावतो तो डिंक नेणारेही भेटतात. भुसा झालेल्या थराला डिंक काय धरणार?

नवे बूट नेणाऱ्यांसाठी एवढंच: चाळीस-पन्नास किलोमीटर चालून झाल्याशिवाय बेटावर आणू नका, आणि पायाची नखं निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापा.

सोलमधली सह्याद्रीची माती

बूट तपासलेत, पण धुतलेत का? ऑस्ट्रेलियात उतरताना मातीने माखलेले बूट न सांगता आणणं हा रीतसर गुन्ह्याचा विषय आहे. टास्मानियाचे नियम त्याहून कडक, तिथे मेलबर्नहून येणाऱ्यांनाही सूट नाही. कारण साधं आहे. फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा बुरशीसारखा रोगजंतू ओल्या मातीतून पसरतो, मुळं कुजवतो आणि तिथल्या झुडपांचे पट्टेच्या पट्टे मारतो. बुटाच्या खाचेत अडकलेली चिमूटभर माती त्याला पुरते.

वरवर पाणी मारून भागत नाही. बूट आधी वाळवा, मग खाचांमधली माती जुन्या स्क्रूड्रायव्हरने उकरा, नंतर साबण आणि टूथब्रश. आतली गादी काढून झटका, जिभेच्या घडीत गवताची कुसळं असतात ती चिमट्याने वेचा. गेटर (बुटावरून पोटरीला बांधायचं आवरण) आणि टोपीच्या वेलक्रोमध्ये बिया हमखास सापडतात. काठीचं टोक विसरू नका. हे सगळं निघायच्या चार दिवस आधी, म्हणजे वाळायला वेळ मिळतो. आणि येताना भरायच्या कार्डावर ‘ट्रेकिंगचे वापरलेले बूट आहेत’ हे लिहाच. लिहिलं तर ते बघतात आणि सोडतात. लपवलं तर दंड.

हीच गोष्ट खाण्याची. कढीपत्ता, लिंबं, हिरव्या मिरच्या, विमानात उरलेलं सफरचंद: होबार्ट या टास्मानियाच्या राजधानीच्या विमानतळावरचं कुत्रं शांतपणे येऊन तुमच्या बॅगेजवळ बसतं. मेलबर्नच्या घरातून ‘वाटेत खायला’ घेतलेली फळंही टास्मानियात चालत नाहीत.

वॉम्बॅटच्या मागे धावणं

डार्लिंग्टनच्या हिरवळीवर दुपारनंतर वॉम्बॅट चरायला निघतात. एरवी निशाचर, पण इथे उजेडातही सहज दिसतात. दिसले की माणसं चारी बाजूंनी घेरतात, फोन पुढे करतात, कोणीतरी पाठीवर हात फिरवायला जातं. वॉम्बॅट दोन मिनिटं सहन करतो आणि बिळात जातो. मग पुढचा शोधायचा, त्याच्याही मागे धावायचं. तासाभराने हाती काय, तर पाठमोऱ्या केसाळ ढुंगणांचे वीस फोटो.

वीस-पंचवीस किलोचा हा गोलमटोल जीव मनात आणलं तर थोड्या अंतरात ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने पळतो. त्याची पाठीमागची बाजू जाड कूर्चेची असते, बिळाचं तोंड तो तिनेच बंद करतो. तो आणि त्याचं बीळ यांच्या मध्ये उभं राहू नये.

करायचं काय? खाली बसायचं. चरणारा वॉम्बॅट दिसला की पंधरा-वीस पावलांवर, वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, गवतावर बसून राहायचं. दहा मिनिटं. बहुतेक वेळा तो चरत चरत आपणहून जवळ येतो, गवत तोडल्याचा करकर आवाज ऐकू येण्याइतका. ज्यांना दहा मिनिटं गप्प बसवत नाही त्यांनी प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढावं, स्वस्त पडतं. ब्लूटूथ स्पीकरवाल्यांविषयी न बोललेलंच बरं.

जवळ आला तरी हात लावू नका. वॉम्बॅटमध्ये खरजेचा रोग असतो, त्याने डोळे-कान झाकले जाऊन जनावर मरतं. केस गळालेला, कातडीला खपल्या धरलेला वॉम्बॅट दिसला तर जागा लक्षात ठेवून गाईडला सांगा.

आणि खायला घालणं नाही म्हणजे नाही. पाव, बिस्किटं, पोळीचा तुकडा वॉलबीच्या दातांच्या मुळाशी अडकतो, हिरडीला संसर्ग होतो, जबडा सुजून गाठीगाठीचा होतो आणि शेवटी खाणंच बंद पडतं. गडावरच्या माकडांना फुटाणे टाकायची सवय इथे बोटीत बसायच्या आधीच सोडा.

तुम्ही दिलं नाहीत तरी ते घेतातच, हा भाग वेगळा. करावाँग हा काळा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी सॅकची चेन उघडतो. चेनची पट्टी चोचीत धरून मान मागे खेचतो, दोन-तीन हिसक्यांत बोटभर फट, मग आत डोकं. चिवड्याच्या पुडीचा वास त्याला नाही लागला तर रात्री पॉसम या झाडावरच्या निशाचर प्राण्याला लागतो, आणि पॉसम चेन शोधत बसत नाही, सरळ कापड फाडतो. चेनच्या दोन्ही पट्ट्या छोट्या कॅराबिनरने (गिर्यारोहकांच्या कडीने) एकत्र अडकवा. खाण्याचं सगळं कॅम्पच्या बंद पेटीत. तंबूत एक खजूरसुद्धा नको.

पेंग्विन बघायला जाणं

जुनी प्रवासवर्णनं वाचून लोक बेटावरच्या हाँटेड बेला छोटे पेंग्विन बघायचेत म्हणून येतात. डेव्हिलच्या तोंडाला होणाऱ्या संसर्गजन्य कर्करोगाने ती जात संपायची वेळ आली, म्हणून २०१२ आणि २०१३ मध्ये २८ निरोगी डेव्हिल या बेटावर आणून सोडले. ते फोफावले, आणि पेंग्विनवर ताव मारू लागले. डेव्हिल आणले तेव्हा इथे पेंग्विनच्या सुमारे तीन हजार जोड्या होत्या. २०२१ मध्ये ती वसाहत संपल्याचं जाहीर झालं. गाईडला ‘पेंग्विन कधी दाखवणार’ विचारून कानकोंडं करू नका.

त्यापेक्षा दुर्बीण गळ्यात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. ८×४२ पुरते. फॉर्टी-स्पॉटेड पार्डलोट हा बोटभर लांबीचा दुर्मिळ पक्षी व्हाइट गम या निलगिरीच्या शेंड्यात असतो आणि दुर्बीण काढेपर्यंत थांबत नाही. डेव्हिलसाठी लाल उजेडाचा हेडटॉर्च.

‘६२० मीटर म्हणजे काहीच नाही’

बिशप अँड क्लर्क या शिखराची उंची ६२० मीटर ऐकून कळसूबाई केलेले लोक हसतात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, पण चढायला तुम्ही समुद्रावरून सुरुवात करत नाही. इथे करता. म्हणजे चढ साधारण आतकरवाडीतून सिंहगडाएवढा, फक्त ताकवाली नाही. मधला टप्पा सुट्या डोलेराइट दगडांचा घसारा, शेवटी हातपाय लावून मोठे धोंडे पार करायचे. दगड ओले असतील तर गाईड नाही म्हणेल. त्याच्याशी हुज्जत घालू नका. परतायची बोट ठरलेल्या वेळी सुटते, त्यामुळे मागे फिरायची वेळ निघतानाच ठरवून घ्या आणि पाळा. डार्लिंग्टनहून जाऊन-येऊन चार-पाच तास धरा.

उरलेल्या चुका, थोडक्यात

जीन्स. दक्षिणेचा वारा फिरला की तासाभरात तापमान दहा अंशांनी पडू शकतं, आणि भिजलेलं सुती कापड अंगावर वाळत नाही. लोकरीचा किंवा सिंथेटिक आतला थर, वर पावसाळी जाकीट, जानेवारीतही.

‘आपल्याला ऊन लागत नाही.’ इथे लागतं. हवा गार असते म्हणून कळत नाही, संध्याकाळी मान आणि कान सोलवटतात.

पेंटेड क्लिफ्स या किनाऱ्यावरच्या कड्यांपाशी भरतीच्या वेळी जाणं. ओहोटी बघून जा, आणि त्या मऊ वाळूच्या दगडावर नाव कोरू नका, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

सापाचा प्रथमोपचार भारतातला करणं. आपल्याकडे नुसता हातपाय स्थिर ठेवायला सांगतात, कारण घोणस-फुरशाच्या विषाने जागेवरचं मांस सडतं, तिथे आवळून उपयोग नाही. टास्मानियातल्या तिन्ही जातींच्या सापांसाठी मात्र रुंद इलॅस्टिक बँडेज दंशावर आणि मग बोटांपासून वरपर्यंत पूर्ण अवयवावर घट्ट बांधतात, फळी लावतात, आणि माणसाला एक पाऊलही चालू देत नाहीत. जखम धुवायची नाही, कापायची नाही.

सापापेक्षा जॅक जंपर मुंगीचं बघा. काळी, पिवळट-नारिंगी पायांची, उड्या मारत चालते. खडीच्या छोट्या ढिगावर बसण्याआधी नीट बघावं. मधमाशी किंवा मुंगी चावून पूर्वी कधी अंग सुजलं, श्वास अडकला असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि डॉक्टरांकडून अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लिहून घ्या.

आणि फॉर्मवर नुसतं ‘व्हेज’ लिहिणं. तिथल्या व्हेजमध्ये अंडं धरलेलं असतं. अंडं चालत नाही, कांदा-लसूण नको, गुरुवारी उपास आहे, जे असेल ते वाक्यात लिहा, दोन-तीन आठवडे आधी. सामान बोटीने आधीच गेलेलं असतं, तिसऱ्या रात्री सांगून गाईड साबुदाणा आणणार कुठून? होबार्टला आदल्या दिवशी पोहोचा. ट्रायबन्ना तिथून ८५ किलोमीटर, सव्वा तास. बोट लागत असेल तर गोळी धक्क्यावर नाही, निघायच्या तासभर आधी घ्या.