प्रकल्प लिहिताना या चुका टाळा: उचलेगिरीची सुरुवात वहीतच होते

तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प तपासताना दरवर्षी जाणवतं, मुद्दाम चोरणारी मुलं थोडी, नकळत अडकणारी पुष्कळ. आणि बहुतेक जण अडकतात ते टिपणं काढताना.

पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून मुलगी चार ओळी वहीत उतरवते. पुस्तकाचं नाव, पान लिहायचं राहून जातं. मार्चमध्ये वही उघडली की त्या ओळी आपल्याच वाटू लागतात. म्हणून शब्द जसेच्या तसे घेतले तर तिथल्या तिथे अवतरणचिन्ह घाला आणि समासात पुस्तकाचं नाव नि पान लिहा. मग लिहू म्हटलं की ते राहिलंच.

दुसरी चूक शब्द फिरवण्याची. समजा, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावर झालेल्या मतदानाबद्दल, म्हणजे जनमत कौलाबद्दल, पुस्तकात आहे, ‘जनमत कौलाने गोव्याचं वेगळेपण टिकवलं आणि भाषेच्या वादाला नवं वळण दिलं.’ मुलगा लिहितो, ‘जनमत कौलामुळे गोव्याची वेगळी ओळख राखली गेली आणि भाषावादाला नवी दिशा मिळाली.’ सांगाडा तोच, फक्त कपडे बदलले. पुस्तक मिटा, शेजारच्या मैत्रिणीला सांगाल तसं लिहा, मग मुळाशी ताडून पाहा. तरीही लेखकाचं नाव द्याच, कारण मत त्याचं आहे. कौल १६ जानेवारी १९६७ रोजी झाला, हे सर्वांना ठाऊक आहे, याला टीप लागत नाही. विलीनीकरणाविरुद्ध ३४,०२१ मतं जास्त पडली, हा आकडा कुठून घेतला ते मात्र सांगा.

आपल्याकडे आणखी एक समज आहे: इंग्रजी किंवा कोकणी मजकूर मराठीत आणला की तो आपला झाला. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कदाचित दिसणार नाही, पण परीक्षकाने तेच पुस्तक वाचलेलं असू शकतं. देवस्थानाच्या स्मरणिकेतला जत्रेचा इतिहासही कुणीतरी लिहिलेलाच असतो. धालो या बायकांच्या लोकनृत्याची गीतं आजीने सांगितली असतील तर तिचं नाव, गाव, तारीख तिला विचारून टिपेत द्या. तो तिचा मान आहे, आणि मला तरी तो पुस्तकाच्या संदर्भाइतकाच मोलाचा वाटतो.

‘सर, साम्य दहा टक्क्यांच्या आत आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत प्रबंधातल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं, ६० टक्क्यांवर तर नोंदणीच रद्द होते. पण तुमचा मुख्य निष्कर्षच उसना असेल, तर नऊ टक्केही जड पडतात.

सादर करायला चार दिवस उरलेत आणि कुठली ओळ कुणाची तेच कळत नाही? शंकेच्या ओळी रंगवा, मूळ पुस्तक शोधा. नाही सापडलं तर ती ओळ काढून टाका. प्रकल्प दोन पानांनी कमी झाला तरी चालेल. तरीही अडलात तर तारखेआधी मार्गदर्शकांकडे जा आणि सरळ सांगा.