कुंडी कुठं ठेवायची? आधी ऊन मोजा

झाड वाढत नाहीये म्हटलं की आपण आधी खत घालतो, मग पाणी वाढवतो आणि जागा बघायची तेवढी राहून जाते. झाड आपलं जेवण पानात स्वतःच बनवतं, त्याला उजेड लागतो, तोच कमी असेल तर खताचा डबा रिकामा करून काय उपयोग!

तर पहिलं काम, उजेड मोजा, आणि नुसत्या नजरेवर जाऊ नका. भर उन्हात साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आणि आपल्याला छान उजेडाची वाटणारी खोली खिडकीपासून जरा आत गेलं की 200-300 लक्सवर येते, डोळा अ‍ॅडजस्ट होतो म्हणून आपल्याला जाणवत नाही एवढंच. सुट्टीच्या दिवशी दर तासाला त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा आणि थेट ऊन किती तास पडतं ते मोजा. 6 तासांच्या वर असेल तर पूर्ण ऊन, 3 ते 6 म्हणजे अर्धं ऊन, त्याखाली सावली. घरात असाल तर दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर वरून हात धरा, सावलीत बोटं वेगवेगळी दिसली तर उजेड भरपूर, कडा पुसट तर मध्यम, नुसताच डाग दिसला तर कमी.

आता त्या जागेला झेपेल असं झाड निवडा. टोमॅटो, मिरची, गुलाब यांना पूर्ण ऊनच पाहिजे, पालक-पुदिना अर्ध्या उन्हात भागवतात. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट यांना सावली आवडते असं सगळे म्हणतात पण ते सावली सहन करतात, आवडबिवड काही नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात जागा बदलताना. मी एकदा घरातला पीस लिली 'बिचाऱ्याला ऊन मिळू दे' म्हणून सकाळी थेट गच्चीत ठेवला, संध्याकाळी पानांवर कागदासारखे पांढरट कोरडे चट्टे! सावलीत तयार झालेलं पान मोठं, पातळ असतं, ते नंतर काही जाड होत नाही, उन्हाला टिकणारी पानं नव्यानेच यावी लागतात. (पीस लिलीला तर दुपारचं ऊन सोसतच नाही, ते मला नंतर कळलं.) ऊन मानवणारं झाड असलं तरी पहिले 2-3 दिवस सकाळचं तासभर ऊन द्या, मग तास वाढवत 7 ते 14 दिवसांत पूर्ण उन्हात आणा.

पाणी पण जागेनुसार. सावलीत माती लवकर सुकत नाही, आणि माझ्या मते सावलीतली झाडं अंधारापेक्षा आपल्या प्रेमानेच जास्त मरतात. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर राहू द्या.

मग झाडावर लक्ष ठेवा. दोन पानांमधलं अंतर वाढलंय, खोड बारीक, सगळं खिडकीकडे झुकलंय म्हणजे उजेड कमी पडतोय. झुकतं ते ऑक्सिन नावाच्या हार्मोनमुळे, ते अंधाऱ्या बाजूला जास्त साठतं, तीच बाजू जास्त लांब होते. अशावेळी कुंडी उजेडाजवळ सरकवा, आठवड्याला पाव फेरा फिरवा. लांबलेलं खोड मात्र परत आखूड होत नाही, छाटणी करा.

आणि ते फोटोंचं काम ऋतू बदलला की परत करा, सूर्य सरकतो, आपली कुंडी जागच्या जागी असते.