गाडी थरथरतेय? एस्टिमेटला हो म्हणायच्या आधी हे बघा

हायवेला ८०-९० च्या पुढे गेलं की गाडी थरथरायची, आणि गॅरेजवाल्याने थेट सस्पेन्शनचं हजारोंचं एस्टिमेट हातात दिलं. तुमच्याकडे पण असं झालं तर आधी एवढं करा.

१. स्टेअरिंग थरथरतंय तर बहुतेक पुढची चाकं, सीट थरथरतेय तर मागची.

२. फक्त ब्रेक दाबल्यावर होतंय तर ब्रेकच्या डिस्क बघायला सांगा. सिग्नलला उभ्या गाडीत होतंय तर चाकांचा संबंधच नाही, इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवतात ते रबरी आधार), प्लग वगैरे बघावे लागतात.

३. ठराविक स्पीडलाच होत असेल तर गाडी गार झाल्यावर रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघा, पावसाळ्यात तिथे चिखल वाळून बसतो, माझ्या डाव्या चाकात मुठीएवढा गोळा निघाला आणि रिमवरचं बॅलन्सिंगचं वजनही (चाक समतोल फिरावं म्हणून चिकटवलेला धातूचा छोटा तुकडा) पडलेलं, नुसता चिकट डाग राहिला होता. चाक धुतलं, बॅलन्सिंग करून घेतलं, काही शे रुपयांत काम झालं.

टायरला फुगा आलेला दिसला किंवा व्हील नट ढिले वाटले तर मात्र टेस्ट करत बसू नका, तशी गाडी हायवेला नेऊच नका.